पाचातले दोन दिवस

डॉक्टरांनी पाच दिवसांचं औषध दिलं होतं. मी दोनच दिवस दिलं.

तिसऱ्या सकाळी चिमणीची दम्याची धाप थांबली होती. सहा वर्षांची माझी पोर सोफ्यावर उड्या मारत होती, सारखं खायला मागत होती. गाल सुजल्यासारखे वाटले, मला तरी. बाटलीबरोबरचा कागद मी अक्षर न् अक्षर वाचला: हाडं, वाढ, साखर. ‘स्टेरॉइड’ हा शब्द डोक्यातून जाईना. बाटली उचलून फ्रिजवर ठेवून दिली.

“पाच म्हणजे पाच,” सासूबाई म्हणाल्या. “डॉक्टरपेक्षा जास्त शिकलीस की काय?”

“आई, तुम्हाला ह्यातलं कळत नाही.”

“नाहीच कळत. म्हणून सांगितलं तेवढं करते.”

पाचव्या दिवशी दुपारी शाळेतून फोन आला.

दवाखान्यात चिमणी खाटेवर बसूनच होती. आडवं केलं की गुदमरायची. तोंडावर मास्क, हाताला सुई. दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला बावन्न.

“शिरेतून स्टेरॉइड दिलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “घरी पोटातलं रोज देत होतात ना?”

“हो. रोज.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

“औषध चालू असताना एवढं वाढलं, म्हणजे लागू पडत नाहीये. मोठ्या रुग्णालयात हलवू.”

“अशा अवस्थेत?”

“वाटेत काहीही होऊ शकतं. पण इथे वाट बघत बसण्यात अर्थ नाही.”

त्या फोन लावायला वळल्या.

“दोनच दिवस दिलं,” मी म्हणाले. “मीच बंद केलं.”

त्या थांबल्या. फोन खाली ठेवला.

“मग शिरेतल्याला वेळ देऊन बघू. गुण यायला चार तास लागतात. खात्री मात्र देत नाही.”

त्या गेल्यावर सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढून माझ्या मांडीवर ठेवली. अर्ध्याहून जास्त भरलेली.

“फ्रिजवरून घेऊनच निघाले होते. तू तोंड उघडलं नसतंस, तर त्यांच्यापुढे ठेवणार होते.”

मी पुन्हा घड्याळ लावलं. पन्नास.

पुढच्या मिनिटाला बावन्न.