अकरा खाटा

"हे काय अडकवताय माझ्या अंगाला?" मावशी दोन पावले मागे सरकली.

"माइक आहे, मावशी. तुमचा आवाज नीट यावा म्हणून." कानांवर मोठाले हेडफोन चढवलेली मुलगी म्हणाली. तिच्या बोटांत शर्टाच्या बटणाएवढी काळी वस्तू होती आणि तिला बारीक वायर.

"माझा आवाज चांगला खणखणीत आहे. खाली बोलले तर वरच्या मजल्यावरचे पेशंट दचकून उठतात."

दाढीवाला हसला. तिघांत बोलायचे काम त्याचे. जाड भिंगांचा चष्मा लावलेला दुसरा मुलगा कॅमेऱ्यात डोळा घालून बसला होता. तिघेही सिनेमा शिकवणाऱ्या कॉलेजातले, शेवटच्या वर्षाचे. पूर येऊन गेलेल्या गावावर फिल्म करून द्यायची, असा त्यांचा अभ्यास होता म्हणे. मुलगी मात्र हसली नाही. तिने माइक मावशीच्या एप्रनला लावला, वायर आतून फिरवली आणि डबी कमरेला खोचली. हात हलका होता. सलाइनची सुई अशा हाताने लावावी. पण मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. ही पोर बोलते कमी आणि बघते जास्त.

त्या मुलांचे पत्र मोठ्या डॉक्टरांनी दोनदा वाचले होते. मग मावशीला बोलावून सांगितले होते, "यांना वॉर्ड दाखव. पाणी कुठवर आलं ते दाखव. पाल्हाळ नको." ती दारापर्यंत पोचल्यावर पुन्हा हाक मारून, आवाज उतरवून म्हणाले, "कागदावर आहे तेवढंच. कळलं ना?"

तिला कळले होते. पूर ओसरून पाच आठवडे झाले होते आणि या पाच आठवड्यांत तिला तेवढेच कळत होते.

एकोणीस वर्षे ती पुरुषांच्या वॉर्डात आया होती. सगळा दवाखाना तिला मावशी म्हणे. तिच्याहून वीस वर्षांनी मोठे पेशंटही "ए मावशी, भांडं दे" असे ओरडत. नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. आठवड्यातून एकदा तिचा फोन यायचा. पुरानंतर मात्र रोज येऊ लागला, कारण आई टीव्हीवर दिसली होती. टीव्हीवाल्यांनी तिला एकाच जिन्यावरून तीनदा खाली उतरायला लावले, चिखलात उभे केले आणि "आता जरा त्या दिवसाची आठवण काढा" म्हणून डोळ्यांत पाणी येईपर्यंत कॅमेरा हलवला नाही. खाली अक्षरे टाकली, 'अकरा जणांना वाचवणारी मावशी'. भाजीवाल्याने त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. ती भाजी तिने शिजवली, पण तिच्या घशाखाली उतरली नाही.

वॉर्डात फिनेलचा आणि त्याच्या खालून चिखलाचा वास येत होता. भिंतीवर पाण्याची रेघ होती. मावशीने हात उंच करून दाखवली, तरी हात चार बोटे खालीच राहिला. दाढीवाला विचारत होता, ती पाठ केल्यासारखी सांगत होती. दुपारी तीनला मागच्या ओढ्याचे पाणी अंगणात आले. साडेतीनला वॉर्डात घोट्याइतके झाले. ती आणि ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर यांनी एकेका पेशंटला चादरीच्या झोळीत घालून जिन्याने वर नेले. वर सिस्टर होत्या, त्या सांभाळत होत्या.

"एकूण किती पेशंट?"

"अकरा. अकराच्या अकरा वर नेले."

"आता आम्हाला एक मिनिट शांतता हवीय," मुलगी मध्येच म्हणाली. "खोलीचा आवाज घ्यायचाय."

"शांततेला कसला आलाय आवाज?"

"असतो. फिल्म जोडताना लागतो."

असले काही मावशीने कधी ऐकले नव्हते. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. पंखा कुरकुरत होता, बाहेर कोणीतरी फावड्याने गाळ ओढत होते. आणि मुलीचे डोळे भिंतीवरून चालले होते. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी निळ्या रंगात आकडा रंगवलेला होता. पुराने तो विटला होता, पण वाचता येत होता. एक, दोन, तीन... सहा. मग लोखंडी कपाट. मग आठ. शेवटी बारा.

मिनिट संपल्यावर मुलीने अगदी साधेपणाने विचारले, "हे कपाट इथं आधीपासून होतं?"

"कपाट म्हटलं की कुठंतरी ठेवावंच लागतं," मावशी म्हणाली. "मी जरा हात धुऊन येते."

ती तडक मागच्या बाजूला गेली. गॅरेजपाशी ड्रायव्हर ॲम्ब्युलन्सच्या सीटा उन्हात टाकून ब्रशने घासत होता. माणूस तिच्याच वयाचा, तोंडाचा फटकळ, पण तिच्याशी नेहमी बहिणीसारखा वागणारा.

"ती हेडफोनवाली सात नंबरचं विचारतेय," मावशी धापा टाकत म्हणाली.

"सरळ विचारलं?"

"सरळ कशाला विचारील? कपाटाचं विचारलं. ही पोरं फिल्मवाली नाहीत बघ. कुणीतरी पाठवलंय यांना. वरच्या ऑफिसातून नाहीतर पेपरमधून."

"कोणी का पाठवीना. तू तोंडाला कुलूप लाव."

"माझ्याच्यानं नाही होत आता. माणूस जिवंत होता रे. आणि आपण लिहून दिलं, दुपारी एकला हार्ट बंद पडून गेला."

"आपण नाही लिहिलं, डॉक्टरांनी लिहिलं."

"खाली सही माझी आहे."

"आणि माझीही आहे!" ड्रायव्हरने ब्रश बादलीत आपटला. "सकाळी आठला वरच्या ऑफिसातून निरोप आला होता वॉर्ड हलवा म्हणून. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बघू म्हटलं. ते बाहेर आलं तर नोकरी त्यांची जाईल आणि जेलात आपण जाऊ. गप्प बस."

मावशीने एप्रनने तोंड पुसले. पुसता पुसता तिच्या हाताला वायर लागली.

ती तशीच थिजली. मग हळूच वळून पाहिले. पॅसेजच्या टोकाशी हेडफोनवाली मुलगी एकटीच उभी होती. हेडफोन आता गळ्यात उतरवलेले होते.

"हे चालू होतं," मुलगी जवळ येत म्हणाली. "तुम्ही निघालात तेव्हाच मी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं."

"चोरून ऐकलंस?" मावशीचा आवाज खरेच वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. "लाज नाही वाटली? तुझ्या आईच्या वयाची आहे मी! कोणी पाठवलंय तुला? किती देतात असल्या कामाचे?"

"कोणी नाही पाठवलं." मुलीने ओठ आवळले. "सात नंबरला माझे आजोबा होते."

ड्रायव्हरने बादली बाजूला सारली. त्याला काय करावे सुचेना, तेव्हा त्याने एक कोरडी सीट आणून मुलीसमोर ठेवली. ती बसली नाही.

"आम्हाला सांगितलं, पाणी यायच्या आधीच गेले. दुपारी एकला. बाबा म्हणाले, कागद आलाय, आता उकरू नकोस. पण मी त्यांच्याशी अडीच वाजता फोनवर बोलले होते. डाळ खारट होती म्हणाले. खिडकी कोणी लावत नाही म्हणाले. दहा मिनिटं नुसती तक्रार. बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुझी वेळेची गफलत झाली असेल. माझ्या फोनमध्ये वेळ आहे, मावशी. कॉलेजात विषय निवडायचा होता तेव्हा मी या गावाचं नाव सुचवलं. हे दोघं तयार झाले. तुमच्यापासून लपवलं, कारण मला वाटलं, ओळख सांगितली तर तुम्ही सगळे एकच उत्तर द्याल."

ते तर खरेच होते. तेच उत्तर आताही मावशीच्या जिभेवर होते. झोपेत गेले, बाळा, त्यांना काही कळलं नाही. किती सोपे होते ते. हिने फोनची वेळ सांगितली नसती तर ते खपलेही असते. पण मुलगी रडत नव्हती. दया मागत नव्हती. तिला नुसते ऐकायचे होते, आणि ऐकणाऱ्या माणसाला फसवणे मावशीला जड गेले.

"त्यांच्या पायाला वजन लावलेलं होतं," ती म्हणाली. "मांडीचं हाड मोडलं होतं ना. ते सोडवायला वेळ लागणार, शिवाय अंगानं भरलेले. म्हणून आम्ही त्यांना शेवटी ठेवलं. मीच म्हटलं, सात नंबर शेवटी."

"ते काही बोलले?"

मावशी घुटमळली. "शिव्या दिल्या मला."

"काय शिव्या?"

"राहू दे आता."

"सांगा ना."

"म्हणाले, ए भवाने, मला काय ओंडका समजलीस का, सगळ्यांचं झालं की उचलायला? पाण्यात खाट डुगडुगत होती आणि या माणसाचं तोंड चालूच."

मुलीच्या घशातून चमत्कारिक आवाज निघाला. हसू होते की रडू, ते तिलाही ठरवता आले नसावे. "ते आजोबाच," ती म्हणाली आणि मग त्या सीटवर बसली.

"मी आणि हा अकराव्याला घेऊन दारात पोचलो. मी म्हटलं, आलेच. दिवसातून शंभर वेळा म्हणते मी ते. तेव्हा ते शांत झाले. म्हणाले, लवकर ये गं." मावशीने दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळले. "आम्ही जिन्याच्या वळणावर होतो तेव्हा मागची भिंत पडली. मोठा आवाज झाला आणि पाणी एकदम शिरलं. आठ पायऱ्या दिसेनाशा झाल्या. त्यांनी दोनदा हाक मारली. मावशी, मावशी. तिसऱ्यांदा नाही मारली. मी गेले नाही. असं झालं ते."

"खोटं सांगतेय ही," ड्रायव्हर म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिले.

"ही गेली होती. गळ्यापर्यंत पाण्यात उतरली होती. मी केस धरून ओढली मागं. हातात आले ते केस धरले. ती मला चावली, हे बघ." त्याने मनगट पुढे केले. तिथे पुसट, अर्धगोल व्रण होता. "सोडली असती तर दोघं गेले असते. मला अजून तसंच वाटतं. तुला काय वाटायचं ते वाटू दे."

वॉर्डातून दाढीवाल्याची हाक आली, मुलीने "थांब जरा" म्हणून सांगितले. मग तिने मावशीच्या कमरेच्या डबीतून आवाज साठवणारे नखाएवढे कार्ड काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले.

"यात सगळं आहे. तुम्ही ठरवा. मला जे हवं होतं ते मिळालं."

मावशीने कार्ड उलटसुलट करून पाहिले. एवढेसे, आणि त्यात तिची नोकरी, याची नोकरी, मोठ्या डॉक्टरांची खुर्ची. तिने ड्रायव्हरकडे पाहिले. तो पुन्हा सीट घासू लागला होता, पण ब्रश एकाच जागी फिरत होता.

"मला काय विचारतेस?" तो मान वर न करता म्हणाला. "माझं नाव आलं तर येऊ दे."

तिने कार्ड मुलीला परत दिले. "ठेव. पण टीव्हीवाल्यांसारखं गाणंबिणं लावू नकोस मागं."

नंतर चौकशी लागली. मावशीला तीन महिने घरी बसवले, ड्रायव्हरला दुसऱ्या गावी पाठवले, मोठे डॉक्टर रजेवर गेले ते परतले नाहीत. फिल्म कॉलेजात दाखवली, पण मावशीने ती पाहिली नाही. मुलीचा फोन मात्र अधूनमधून येत राहिला. पण हे सगळे नंतरचे. त्या दुपारी मुले बॅगा आवरत होती तेव्हा मावशी हातपाय धुऊन सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

एकोणीस वर्षांत ती त्या खोलीत फरशी पुसायला आली होती, फायली द्यायला आली होती, बोलणी खायला आली होती.

"गेली का ती कारटी?" डॉक्टरांनी विचारले.

"साहेब, मला दुसरा कागद लिहायचाय. सात नंबरचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कोणी भरवलं हे डोक्यात? सही तुझी आहे, मावशी. तूच अडकशील."

"हो. तेच लिहायचंय. सकाळचा निरोपही लिहिते."

"जा आता. उद्या बोलू."

ती गेली नाही. तिने समोरची, पेशंटच्या नातेवाइकांसाठी असलेली खुर्ची ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर खरखरले. ती बसली, टेबलावरच्या गठ्ठ्यातला पुरात भिजून वाळलेला एक खडबडीत कागद घेतला आणि पेन उचलले. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे, अक्षर मोठे आणि सावकाश. आधी तारीख घातली. मग वॉर्ड. मग वेळ. डॉक्टर तिच्या हाताकडे बघत राहिले. बाहेर मुलांची गाडी सुरू झाली आणि फाटकाबाहेर गेली.

चौथ्या ओळीत मावशी थांबली.

"साहेब," तिने मान वर करून विचारले, "'बुडून'मधला पहिला उकार ऱ्हस्व की दीर्घ?"

डॉक्टरांनी खिडकीकडे पाहिले.

"ऱ्हस्व," तिकडेच बघत ते म्हणाले.

"आणि डू?"

"दीर्घ."

तिने तसे लिहिले.