काटा चढेल ते गाणं

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. माझ्या पाठीवर एका परदेशी कंपनीचं नाव चिकटवलेलं आहे, त्यावर विश्वास ठेवू नका. माझा जन्म उल्हासनगरचा, कॅम्प तीनमधल्या एका अरुंद गाळ्यातला. मला मुकेशशेठनी बनवलं. सोल्डरिंगचा धूर फुंकरीने बाजूला करत ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "नाम में क्या रखा है साईं, आवाज सुनो." नाव त्यांनी खोटं लावलं, पण काम खरं केलं. माझ्या दर्शनी बाजूला त्यांनी काचेची छोटी चौकट बसवली आणि तिच्यात एक काटा. आवाज आला की काटा चढायचा, आधी हिरव्या पट्ट्यात, मग लाल पट्ट्यात. मागे पिवळा दिवा. तो काटा नसता तर मला तुम्हाला काही सांगावंच लागलं नसतं.

मला विकत घेतलं ते अंबरनाथच्या तीन कामगारांनी. हिरामण गायचा, चंदू ढोलकी वाजवायचा आणि महेंद्र कीबोर्ड. तिघे एमआयडीसीतल्या एकाच केमिकल कंपनीत कामाला होते आणि बुद्धविहारामागच्या एकाच गल्लीत राहायचे. गायनपार्टीचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'तिसरी पाळी'. भीमजयंतीला आणि लग्नाला ते गायचेच, पण लोक वेडे झाले ते त्यांच्या कंपनीवरच्या गाण्यांनी. गेट, सायरन, ठेकेदार, डब्यातली गार भाकरी, सगळं त्या गाण्यांत होतं. हिरामण गाणं कधी कागदावर लिहायचा नाही. कामाला जाता-येता तोंडात घोळवायचा आणि पक्कं झालं की थेट माझ्यातून बाहेर काढायचा. त्यांनी कधी रेकॉर्डिंगही केलं नाही. ज्याला ऐकायचं त्याने समोर येऊन ऐकावं, असा त्यांचा तोरा होता. आणि लोक यायचे, शहाडपासून वांगणीपर्यंतचे. ते स्वतःला 'पाळीवाले' म्हणवून घ्यायचे.

एका जयंतीला कार्यक्रम आवरता घ्यायची वेळ झाली आणि एकच गाणं म्हणता येणार होतं. अर्ध्या लोकांना एक हवं, अर्ध्यांना दुसरं. भांडण जुंपायची लक्षणं दिसायला लागली, तेव्हा हिरामणने माईक लोकांच्या दिशेने फिरवला आणि हसत म्हणाला, "आपापल्या गाण्याचं नाव ओरडा. ज्याचा काटा चढेल ते गाणं."

लोकांना ते इतकं आवडलं, की तीच प्रथा पडली. दरवर्षी जयंतीनंतरच्या रविवारी विहाराच्या पटांगणात पाळीवाले जमायचे. त्या दिवसाचं नावच 'काटा' पडलं. वर्षभर व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालायचे, कुठलं गाणं नंबर एक, आणि निकाल लावायचा मी. मला हार घालायचे. माझ्यासोबत फोटो काढायचे. खोटं नाव लावून जन्मलेल्या मशीनला याहून मोठा मान काय मिळणार? मी फुगून गेलो होतो, हे मी लपवत नाही.

मग देऊ गेला.

देऊ बारवी धरणाच्या अंगाच्या एका पाड्यावरचा, ठेकेदारामार्फत कंपनीत लागलेला. शांत माणूस. पाळीवाल्यांत तो नेहमी मागे उभा राहायचा आणि बायकोला, आवडीला, पुढे बसवायचा. एके दिवशी कंपनीतली टाकी साफ करायला त्याला, चंदूला आणि महेंद्रला खाली उतरवलं. मास्क दिले नाहीत. आतून वास यायला लागला तसे चंदू आणि महेंद्र धडपडत वर आले. देऊ तळाशी होता. हिरामणने तोंडाला ओला रुमाल बांधला आणि तो त्याला आणायला उतरला, पण अर्ध्या शिडीवरच गुदमरून परत आला. देऊ खालीच राहिला.

कंपनी म्हणाली, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, मी त्याला उतरायला सांगितलंच नव्हतं. कुठल्याच कागदावर देऊ कामावर नव्हता, त्यामुळे कुठल्याच कागदावर तो मेलाही नाही. तिघांना साहेबांनी बोलावून सांगितलं, की नोकरी हवी असेल तर ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. घरी पोरंबाळं होती. तिघे गप्प बसले.

हिरामण बोलला नाही, पण त्याने गाणं केलं. संथ गाणं होतं, ढोलकी जेमतेम वाजायची, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच ओळ यायची, 'चंदू वर आला, महेंद्र वर आला, देऊ खाली आहे.' पहिल्यांदा ते म्हटलं तेव्हा पुढे बसलेली आवडी डोक्यावरचा पदर तोंडात धरून ऐकत होती.

मित्रांनो, एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आवडीच्या पाड्यावर जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. नवरा मेल्यावरही नाही. तिने देऊला कधी नावाने हाक मारली नव्हती आणि आता कोणी दुसरं मारत नव्हतं. तो माणूस होऊन गेला, त्याला एक नाव होतं, हे जगात फक्त त्या गाण्यात उरलं होतं. ते ऐकायला ती दरवर्षी टमटम बदलत बदलत अंबरनाथला यायची. गाणं झालं की चंदूला म्हणायची, "नाव आयकला. आता वरीसभर बरा वाटंल."

सुरुवातीला 'काट्या'त कुठलंही गाणं जिंकलं तरी हे गाणं व्हायचंच. कार्यक्रम मोठा असायचा. हे गाणं सुरू झालं की लोक फोन खाली ठेवून ऐकायचे. पण हिरामणच्या छातीत त्या टाकीतलं काहीतरी राहून गेलं होतं. ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. गाण्याआधी तो श्वास घ्यायचा तेव्हा काटा किंचित थरथरायचा, आणि दर वर्षी तो थरथराट वाढत गेला. पुढे पुढे श्वासाला काटा जास्त हलायचा आणि सुराला कमी. नंतर कंपनी बंद पडली. महेंद्र पोटासाठी वापीला गेला, चंदू बदलापूरला राहायला गेला. डॉक्टरांनी हिरामणला गाणं बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, बंद नाही करणार, वर्षातून एक म्हणेन.

आणि तिथे घात झाला. गंमत म्हणून सुरू झालेली प्रथा आता खरी निवड झाली. जिंकेल तेच गाणं, बाकीची नाहीत.

दोन गाण्यांतच सामना असायचा. एक 'गेट उघड', ठेक्याचं, सगळ्यांनी मिळून ओरडायचं. दुसरं 'देऊ खाली आहे'. तोपर्यंत पाळीवाल्यांत नवी पिढी आली होती. त्यांचा पुढारी नरेंद्र, ठाण्याला एका ऑफिसात कामाला, मनाने चांगला पोरगा. तिसऱ्या पाळीचे टी-शर्ट त्यानेच छापले, हिरामणच्या औषधांसाठीही तोच धावायचा. त्याला 'गेट उघड' प्रिय होतं. 'देऊ खाली आहे' कोणाला प्रिय होतं? जे त्या कंपनीत राबले होते त्यांना. पण त्यांच्या छात्या हिरामणसारख्याच झालेल्या. ओरडायला गेले की खोकला यायचा. आणि आवडी? गाण्याचं नाव ओरडायचं म्हणजे नवऱ्याचं नाव ओरडायचं. ती पहिल्या रांगेत तोंड मिटून बसून राहायची. काटा हिरव्यातच घुटमळायचा आणि 'गेट उघड' म्हटलं की लाल पट्ट्याच्या टोकाला जाऊन आपटायचा. सलग काही वर्षं असंच झालं. आवडी नाव न ऐकता परत जायची, पुढच्या वर्षी पुन्हा यायची.

तुम्ही म्हणाल, हिरामणने मनानेच ते गाणं म्हणायचं होतं. चंदूही त्याला तेच म्हणाला, "अरे, मार ना गोली काट्याला. वहिनी किती लांबून येते." हिरामणने नकारार्थी मान हलवली. "जन्मभर स्टेजवरून सांगितलं ना आपण, मत म्हणजे मत, त्याला हात लावायचा नाही? आता मीच लावू? आणि मी कुठल्या तोंडाने सांगू, की ते घ्या? मी त्याला अर्ध्या शिडीवरून सोडून आलोय." 

शेवटच्या 'काट्या'ला वाद जोरात झाला. वैष्णवी नावाची कॉलेजातली मुलगी 'देऊ'च्या बाजूने उभी राहिली. फार मनापासून बोलली. "तुम्ही लोक फक्त बीट बघता. 'देऊ'मध्ये डेप्थ आहे. देऊ कोण एक माणूस नाहीये, तो प्रतीक आहे. आपल्यातला प्रत्येक कामगार म्हणजे देऊ."

नरेंद्र म्हणाला, "मान्य आहे गं, भारी लिहिलंय. पण ते ऐकून मूड जातो यार. एंडिंगला एनर्जी पाहिजे."

आवडीने चंदूला जवळ बोलावलं. माईक चालू होता म्हणून मला ऐकू आलं, बाकीच्यांच्या कानावर गोंगाटात गेलं नाही. "परतीक म्हंजे काय रं दादा?"

चंदू अडखळला. "म्हणजे... खरा माणूस नसतो. गाण्यापुरता असतो."

"मंग माझा कपाल कोनाच्या नावानी मोकला हाय?"

चंदूने हिरामणकडे बघितलं. हिरामण खाली बघत होता. लोकांनी ओरडायला सुरुवात केली होती. काटा चढला आणि 'गेट उघड' जिंकलं.

हिरामण उभा राहिला. त्याने श्वास घेतला तेव्हा काटा निम्म्यापर्यंत गेला. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्याला त्याचा आवाज तुटला. तो माईकला धरून वाकला, ओठ हलत होते. पण पटांगणातल्या सगळ्यांना गाणं पाठ होतं. त्यांनी ते हातात घेतलं आणि मोबाइल वर धरून, नाचत, शेवटपर्यंत म्हटलं. काटा लाल पट्ट्यातून उतरलाच नाही. त्या गर्दीत हिरामण गात नाहीये हे चंदूला दिसलं, आवडीला दिसलं आणि मला. बाकीच्यांना तो त्यांचा सगळ्यात चांगला 'काटा' वाटला.

पावसाळ्यात हिरामण गेला.

शोकसभा त्याच पटांगणात झाली. वंदना झाली, दोन शब्द बोलणारे बोलले. नरेंद्रचे डोळे रडून सुजले होते. तो म्हणाला, "काकांना निरोप त्यांच्याच पद्धतीने देऊ या. शेवटचा काटा." सगळे गाण्याचं नाव घ्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात आवडी उठली आणि माईकपाशी आली. आता ही बाई काय म्हणते म्हणून लोक थांबले.

तिने माईक दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "देऊ."

काटा जेमतेम हलला. पण पटांगणात दुसरा आवाज नव्हता.

"माझ्या घरवाल्याचा नाव देऊ. टाकीत गेला तो. ह्यो हिरामन त्याला आनाया उतरला व्हता. मी कवा त्याचा नाव घेतला न्हाय. हिरामन घेत व्हता, म्हनून मी येत व्हते. आता कोन घेनार?"

वैष्णवीने तोंडावर हात ठेवला. नरेंद्र चंदूला म्हणाला, "काका, म्हणजे देऊ खरा होता?" चंदूने होकारार्थी मान हलवली. नरेंद्रने कोणाला विचारलं नाही, मत घेतलं नाही. म्हणाला, "देऊ लावा. कोणाकडे आहे देऊ? फोन काढा."

सगळ्यांनी फोन काढले. ग्रुपवर मेसेज गेले, शहाडला गेले, वांगणीला गेले. 'गेट उघड' प्रत्येकाकडे होतं, वेगवेगळ्या वर्षांचं, वेगवेगळ्या कोनांतून. 'देऊ खाली आहे' कोणाकडेच नव्हतं. जिंकलेलं गाणं लोकांनी भरून घेतलं होतं, हरलेलं कोण भरणार? शेवटी कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये थोडासा तुकडा निघाला. त्यात हिरामणचा आवाज सुरू होतो न होतो तोच जवळून कोणीतरी ओरडतं, "ए, हे नको, 'गेट उघड' घ्या." तो आवाज नरेंद्रचा होता. 

चंदूने ढोलकी घेतली. ठेका आठवला, कडवी आठवेनात. महेंद्रला वापीला फोन लावला, त्यालाही आठवेनात, जुन्या कामगारांनाही नाहीत. आवडीला फक्त ती एक ओळ येत होती. बाकीच्या गाण्याकडे तिचं कधी लक्षच नव्हतं, ती नावाची वाट बघायची.

आणि मी? त्या गाण्याचा शब्दन् शब्द माझ्यातून गेला आहे. पण मी आवाज मोठा करतो, साठवत नाही. मुकेशशेठनी मला तेवढंच शिकवलं होतं. याचं मला जेवढं दुःख आहे तेवढं दुसऱ्या कशाचं नाही.

आता मी बदलापूरला चंदूच्या घरात पलंगाखाली असतो. माझा पिवळा दिवा गेला आहे, एका बाजूने पत्रा गंजला आहे. मला पुसा, मला जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मित्रांनो, तुम्हीही मतं घ्याल, वर्गात घ्याल, गल्लीत घ्याल, फोनवर घ्याल. जरूर घ्या. फक्त ओरडायला सांगण्याआधी एकदा बघा, की कोणाला ओरडता येत नाही, आणि त्याला विचारा का येत नाही. जिंकलेलं आपोआप राहतं. हरलेलं कोणीतरी मुद्दाम जपावं लागतं.

जयंतीनंतरच्या रविवारी आवडी चंदूकडे येते. चंदू मला बाहेर ओढतो, धूळ झटकतो, वायर लावतो. ती माईक दोन्ही हातांत धरते आणि सूर नसलेल्या आवाजात तेवढी एक ओळ म्हणते, "चंदू वर आला, महेंद्र वर आला, देऊ खाली हाय." मग चंदू वायर काढतो आणि दोघं चहा पितात.

काटा थोडासाच हलतो. तेवढा तो पटांगणात 'देऊ'साठी तेव्हाही हलत होता.