जो बोलेल, तो करेल

"काका, मोठ्या हॉलमधल्या पडद्यावरचं चित्र उड्या मारतंय! पाहुणे बोलायचे थांबलेत!" दारातून कोणीतरी हाक मारली.

वायरकाकांनी चहाचा कप तसाच खिडकीत ठेवला आणि पेटी उचलली. पेटीत प्रोजेक्टरची धड केबल एकच उरली होती. ती त्यांनी दुपारसाठी बाजूला काढून ठेवली होती, कारण दुपारी छोट्या खोलीत त्यांची लेक पहिल्यांदाच बोलणार होती. पण हॉल भरलेला, पाहुणे लांबून आलेले. काकांनी नवी केबल हॉलमध्ये जोडली आणि तिथली चिकटपट्ट्यांनी मढवलेली म्हातारी केबल छोट्या खोलीत नेऊन लावली. चित्र आलं. घरचं काय, चालवून घेता येतं, असं म्हणत ते पुढच्या हाकेला धावले.

हे संमेलन ओपन सोर्सवाल्यांचं. सॉफ्टवेअर लिहायचं, ते कोणीही उघडून बघावं, दुरुस्त करावं म्हणून मोकळं सोडायचं आणि वर्षातून एकदा जमून त्यावर बोलायचं, अशी ही मंडळी. पगार कोणालाच नाही, हौस सगळ्यांना. त्यांचा अलिखित कायदा एकच: जो बोलेल, तो करेल. ज्याने तक्रार केली, त्याच्याच गळ्यात ते काम. पंपांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारे काका पहिल्याच संमेलनात उभे राहून म्हणाले होते, "वायरी पायात येतात बुवा." टाळ्या पडल्या आणि वायरी त्यांच्या मागे लागल्या त्या लागल्याच. लेक तेव्हा कडेवर होती. तेव्हापासून काकांनी इथलं एकही भाषण धड ऐकलेलं नव्हतं. दरवर्षी म्हणायचे, हे शेवटचं.

यंदा तर कहर होता. मदतीला येतो म्हणून महिनाभर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली होती. सकाळी खुर्च्या मांडायला आले दोघंच, काका आणि संमेलनाच्या प्रमुख असलेल्या डॉक्टरीणबाई. बाई पेशाने दातांच्या डॉक्टर. "अंगठे आले हो, बाकीची माणसं कुठं राहिली?" म्हणून त्या हसल्या. काकांना हसायचंही त्राण नव्हतं. गुडघे सकाळपासून बोलायला लागले होते.

घरून निघताना बायकोने सुनावलंच होतं. "शाळेच्या गॅदरिंगला पोरगी नाचत होती, तेव्हा तुम्ही स्टेजमागे माइक जोडत होतात. आज तरी माणसासारखे खुर्चीत बसा." लेक चप्पल घालता घालता एवढंच म्हणाली, "पहिल्या रांगेत बस हं, बाबा. समोर ओळखीचं तोंड असलं की मला धीर येतो."

"बसतो. शब्द दिला."

आणि खरंच, काका वेळेवर येऊन पहिल्या रांगेत बसले. पेटी पायाशी ठेवली, शर्ट नीट केला. लेक उभी राहिली, तिने त्यांच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

काका उठले. आपोआपच उठले. टेबलाखाली शिरून त्यांनी केबलचं तोंड दाबलं, चित्र आलं. हात काढला, गेलं. पुन्हा दाबलं, आलं. पट्टी लावली, तीही सुटली. बदलायला दुसरी केबल नव्हती आणि धरायला दुसरा माणूस नव्हता. शेवटी ते तिथेच मांडी घालून बसले, दोन बोटांत केबल दाबून.

वरून लेकीचा आवाज यायला लागला. आधी कापरा. नजर गेलेल्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. काकांना पडदा दिसत नव्हता, लेकही दिसत नव्हती, दिसत होत्या फक्त तिच्या चपला. उजवी सारखी हलत होती. मध्येच तिच्या हातातलं पेन पडलं. उचलायला ती वाकली आणि बापलेकीची नजरानजर झाली.

"तू इथं होय?"

"बोल तू. सोडलं तर जाईल."

ती सरळ उभी राहिली. चप्पल हलायची थांबली. मग मात्र पोरगी अशी काही बोलली की काकांचा हात बधिर झाला तरी त्यांना त्याचं भान राहिलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच एक भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकलं. डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

संध्याकाळी समारोपाला डॉक्टरीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?" जुनी मंडळी लगेच आपापल्या फोनमध्ये शिरली. लेक उठली.

अगं गप बस, बोलू नकोस, असं काका मनातल्या मनात ओरडले.

"वायरी जुन्या झाल्यात," ती म्हणाली. "एका माणसाला टेबलाखाली बसून त्या धरून ठेवाव्या लागतात. हे बरं नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई हसल्या. "कायदा माहीत आहे ना?"

"माहितीये. म्हणूनच बोलले."

ती काकांजवळ आली आणि पेटीला हात घातला. काकांनी पेटी सोडली नाही. "एकदा घेतलीस की सुटत नाही, बाळा. माझ्याकडे बघ."

"तुझ्याकडे बघतच मोठी झालेय, बाबा. दे. आणि बस आता."

हॉल रिकामा झाला. ती गुडघ्यांवर बसून जमिनीवरच्या चिकटपट्ट्या ओढू लागली. चुकीच्या बाजूने ओढत होती, अशाने वायर तुटते. काकांच्या अगदी ओठांवर आलं. पण तोंड उघडलं असतं, तर काम पुन्हा त्यांच्याकडेच आलं असतं.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीत, रिकामे हात मांडीवर ठेवून, ते गप्प बसून राहिले.