पाचव्या पिनवरचे व्होल्ट

केयूर साबळे बँकेच्या दक्षता विभागात होता आणि घरातली माणसंही तो तशीच तपासायचा: कोण कुठे घसरेल, कोण कुठे लपवेल. मेहुण्याबद्दल त्याचं मत लग्नाच्या पंगतीतच ठरलं होतं. शंतनु घसरणारा. म्हणून कोलकात्यात नोकरी लागल्यावर शंतनु बहिणीकडे राहायला आला, तेव्हा केयूर फक्त वाट बघत होता.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर अँप उलटा पडला होता. गिटारचा अँप्लिफायर, व्हॉल्व्हवाला, केयूरने आठ महिने खपून स्वतः जोडलेला. आदल्या संध्याकाळी शंतनुने तो हावड्याच्या एका कार्यक्रमाला नेला आणि धूर काढून परत आणला. आत एक रेझिस्टर भाजलेल्या वांग्यासारखा काळा झाला होता.

"स्पीकरची वायर न लावता चालू केलास, म्हणून जळला."

"नाही, भाऊजी."

"कबूल कर आणि राहा. नाहीतर आजच सामान उचल."

"न केलेलं कसं कबूल करू?"

केयूरने त्याच्या थोबाडीत दिली. दुसरी बसली तेव्हा शंतनुचा ओठ फाटला. तिसरी बसायच्या आत त्याने आपलं डोकंच भाऊजींच्या नाकावर आपटलं. दोघं खुर्चीसकट आडवे झाले. मराठीत भांडलं की शेजाऱ्यांना कळत नाही ही परमुलखातली मोठी सोय, पण मोडणाऱ्या खुर्चीला भाषा नसते. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं.

दमल्यावर केयूरने नाकाला रुमाल लावला आणि चौकशी पुरी करायची म्हणून मीटर काढला. पॉवरचे दोन्ही व्हॉल्व्ह उपसले, अँप चालू केला. एक हात पाठीशी, दुसऱ्याने मीटरच्या वायरीचं टोक टेकवायचं. दोन्ही हात आत गेले की करंट छातीतून जातो, हे त्यानेच शंतनुला शिकवलं होतं.

व्हॉल्व्हच्या रिकाम्या सॉकेटात पाचव्या पिनवर शून्य हवं होतं. बासष्ट आले. पुन्हा टेकवलं. बासष्ट.

केयूरला कळलं. मागच्या टप्प्यातले व्होल्ट अडवणारा कंडेन्सर गळत होता. त्या व्होल्टांनी व्हॉल्व्ह भडकला आणि रेझिस्टर जळला. कंडेन्सर जुन्या रेडिओतला, चांदनीच्या बाजारातून त्याने स्वतः निवडून आणलेला. नव्या मालाला आवाजच नसतो, असं महाराष्ट्र मंडळात त्याने दहा जणांना ऐकवलंही होतं.

त्याने मीटर पालथा घातला. "बिघडलाय हा."

"बासष्ट दाखवत होता."

"शून्य आहे तिथे. मी सांगतो ना."

शंतनुने तोंडातलं रक्त बाहीला पुसलं. "शून्य आहे ना? मग बोट लावा."

केयूर हसायला गेला, तोवर त्याचा पाठीमागचा हात पिरगळून पुढे आला आणि अँपच्या पत्र्यावर दाबला गेला. दुसऱ्या हाताचं मनगट शंतनुच्या मुठीत होतं. बोट पाचव्या पिनकडे चाललं. तिला खेटून चौथी, आणि चौथीवर चारशे व्होल्ट.

"शंतनु, मरेन मी."

"शून्यावर कोण मरतं, भाऊजी?"

केयूरने खांदा मारला, लाथ घातली. बोट आणखी खाली गेलं. आता मध्ये पोस्टकार्ड जेमतेम सरकलं असतं.

"कंडेन्सर माझा होता," तो ओरडला. "गळका. मीच घातला. तू काही केलं नाहीस."

"हे ताईला सांगा."

"सांगतो."

ताई दारातच उभी होती, बाजाराच्या पिशवीसकट. नूपुर केव्हा आली ते दोघांनाही कळलं नव्हतं. शंतनुने हात सोडले.

सुटल्यावर केयूरने आधी प्लग उपटला. मग मोडलेल्या खुर्चीचा पाय उचलून शंतनुच्या खांद्यावर घातला. खोटं पकडणाऱ्याला माणूस एकवेळ सोडेल, खरं वदवून घेणाऱ्याला नाही. शंतनु गुडघ्यावर बसला आणि डाव्या हाताने उजवा धरून उठला. या वेळी त्याने परत मारलं नाही.

"राहा तू," केयूर धापा टाकत म्हणाला. "तुझी चूक नव्हतीच."

शंतनु चपला शोधत होता. नूपुरने पिशवी ओट्यावर ठेवली आणि भावाची गिटार खांद्याला अडकवली.

"आधी त्याचं हाड डॉक्टरांना दाखवते."

"आणि संध्याकाळी?" केयूरने विचारलं.

"संध्याकाळी कंडेन्सर बदल," ती म्हणाली. "घरात कोणी नसेल. निवांत होईल."