मान वळली की गाडी वळते

उजव्या पायाखाली ब्रेक नव्हता. तरी पाय दाबतच होता.

"तोंडात घोळवायची आणि मग या भांड्यात थुंकायची," मुलगी म्हणाली.

डॉक्टरांनी पेन कानामागून हळूहळू पुढे आणलं. "दिसलं की हो म्हणा." बराच वेळ कोणी हो म्हणालं नाही.

"अहो, ते बघा, ते बघा!" सगळी बस समुद्राच्या बाजूला कलली.

एक कोल्हा रस्ता ओलांडून गेला आणि झुडपापाशी थांबून मागे बघू लागला, काहीतरी विसरल्यासारखा.

हे सगळं एकाच माणसाचं. डेपोत त्यांना खांबराव म्हणत, कारण स्टिअरिंगमागे ते खांबासारखे बसत. किनाऱ्याच्या रस्त्यावर उभी हयात बस चालवली, पण मान कधी वळवली नाही. मागे लोक "डॉल्फिन, डॉल्फिन" म्हणून ओरडत, पोरं खिडक्यांना चिकटत, कंडक्टरसुद्धा तिकिटं सोडून वाकून बघे. खांबराव समोर. नव्या ड्रायव्हरांना त्यांचा मंत्र एकच: मान वळली की गाडी वळते. समुद्र त्यांना माहीत होता तो वासावरून आणि काचेवर साचणाऱ्या मिठावरून.

निवृत्त झाल्यावर डोळे तपासले, तेव्हा ते पेन आलं.

"समोरचं उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "बाजूचं कमी होत चाललंय. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधानं सांभाळू. गाडी चालवणं मात्र बंद."

"बाजूचं मी वापरलंच कधी?" खांबराव म्हणाले. डॉक्टर हसले. बायको हसली नाही.

जिना उतरताना ते म्हणाले, "एकदा ते डॉल्फिन बघून घ्यावेत म्हणतो. कोपरे मिटायच्या आत."

"जाऊ की."

"नेणार कोण?"

"मी," बायको म्हणाली. तिला तेव्हा सायकलही येत नव्हती.

शिकवणारे अर्थात खांबरावच. रिकाम्या मैदानात, शेजारी बसून, आवाज चढवून. तिनं दोनदा रडून घेतलं, एकदा गाडी मैदानातच सोडून ती पायी घरी आली, आणि पहिल्याच परीक्षेत पास झाली. आता जावयाची जुनी गाडी होती, बायको चालवत होती, समुद्र डावीकडे होता, आणि खांबरावांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

"पायपुसणं फाटेल," ती म्हणाली. "तुमच्या पायाला निवृत्तीचं कळवलं नाही का कुणी?"

"समोर बघ."

"मी समोरच बघतेय. तुम्ही बाजूला बघायचंय. त्यासाठी आलोय आपण."

पण मान ऐकेना. पहिल्या खाडीवर बगळ्यांचा थवा उठला, त्यांना कळलं तेव्हा खाडी मागे गेली होती. कोल्हा दिसला, तो रस्त्याच्या मधोमध आला म्हणून. तो झुडपाकडे गेला आणि नजरेच्या कडेला विरघळला. "कुठे गेला?" खांबराव म्हणाले. बायकोनं गाडीचा वेग जरा उतरवला.

दुपारी द्राक्षांचे मळे लागले. वाइन चाखायला या, असा बाण होता. खांबरावांनी नोकरीत कधी थेंबाला हात लावला नव्हता, पण आता तोंडाचा वास तपासणारं कोणी उरलं नव्हतं. गार, अंधाऱ्या खोलीत, आडव्या पिंपांमध्ये एका मुलीनं दोघांपुढे चार-चार पेले मांडले आणि थुंकायचं भांडं पुढे सरकवलं.

"थुंकायची?" खांबराव म्हणाले. "मग घ्यायची कशाला? एवढ्या लांब काय गुळण्या करायला आलो?"

"अहो, हळू."

"आधी वास घ्या काका," मुलगी म्हणाली. "काय आठवतं?"

खांबरावांनी पेल्यात नाक खुपसलं. "नवीन बस. पहिल्या फेरीची. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही."

"आणि काकू, तुम्हाला?"

"खोकल्याचं औषध," बायको म्हणाली. तिला चालवायचं होतं, म्हणून तिनं नुसते वास घेतले आणि आपले चारही पेले शांतपणे नवऱ्याकडे सरकवले. वाया घालवायची सवय दोघांनाही नव्हती.

बाहेर पडले तेव्हा खांबावरचे स्क्रू ढिले झाले होते. खांबराव गाडीत वाकडे बसले, खिडकी पूर्ण खाली केली आणि पहिल्यांदाच रस्त्याकडे चक्क पाठ फिरवली. उजवा पाय झोपून गेला. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, तरी ते बघत होते. खडकावर पंख वाळत घालून बसलेला पाणकावळा दिसला. मग दुसरा. आणि मग, मोठ्या वळणावर, पाणी फुटलं.

"अगं, ते बघ! ते बघ, ते बघ!"

बायकोची मान तसूभर हलली नाही.

"अगं, डॉल्फिन! बघ की!"

"मान वळली की गाडी वळते."

"मग थांबव!"

"वळणावर? कोणी शिकवलंय मला?"

"गुरूची विद्या गुरूला," खांबराव पुटपुटले, पण डोळे हलवले नाहीत. काळ्या पाठी वर येत होत्या, बुडत होत्या, पुन्हा वर येत होत्या, एकीमागून एक, आणि ते खिडकीबाहेर डोकं काढून लहान पोरासारखे हसत होते.

तिनं वळण संपवलं, सिग्नल दिला, आरशात बघितलं आणि रुंद जागा बघून गाडी नीट कडेला लावली. तोवर समुद्र सपाट झाला होता. दोघं बराच वेळ त्या सपाटीकडे बघत राहिली.

"अशा पाठी," खांबराव हातांनी दाखवू लागले. "ओल्या. नव्या टायरसारख्या. आणि एक पिल्लू, आईला चिकटून. अगदी अंगाला अंग. तुला दिसायला हवे होते गं."

"मी मागेच बघितलेत," बायको म्हणाली.

"मागे? वळणावर? म्हणजे मान वळवलीस तू! चोरून!"

ती हसली. ती उजवीकडे होती, कडेच्या पलीकडे, त्यामुळे ते हसू त्यांना दिसलं नाही. गाडी उभी होती, मान वळवायला हरकत नव्हती. खांबरावांनी मान पूर्ण उजवीकडे वळवली आणि ती सापडेपर्यंत वळवत नेली.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती एकदा त्यांच्या बसनं गेली होती. सीट ड्रायव्हरच्या मागचीच होती आणि "अहो, ते बघा" म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज तिचा होता.