आतलं पाणी

मी भिंत आहे. सरकारी कागदावर माझं नाव पूरसंरक्षक भिंत. रंगारीपुरा या वस्तीतले लोक मला नुसतं ‘दीवाल’ म्हणतात. मूर्तिजापूरच्या पुढे, नाल्याकाठच्या एका लहान गावात मी सहा वर्षं उभी आहे. माझ्या आधाराने अठ्ठावीस घरं राहतात. आणि माझ्याच पायाशी एक माणूस मेला आहे.

मी उभी राहण्याआधी एकदा नाला पुऱ्यात शिरला होता. कोणी दगावलं नाही, पण घराघरातलं धान्य कुजलं. मग केंद्राच्या पूरनियंत्रणाच्या योजनेत गावाचं नाव लागलं. काळ्या मातीत पाया टिकत नाही म्हणून दोन पुरुष उंचीइतकं खोल खणलं, सळ्या बांधल्या, आणि मला ओतलं. साच्याच्या फळ्या काढल्या त्या दिवशी हलीमाबीने माझ्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, “आता चैन पडंल.”

हलीमाबीचं घर मला अगदी लागून. तिचा नवरा वाहेद पिंजारी. तो मशीनवर कापूस पिंजायचा, ती रजया शिवायची. शिवलेल्या रजया माझ्यावर उन्हात टाकायची. हिवाळ्यात माझ्या अंगावर रंगीत ठिगळं आणि उडता कापूस असायचा. मला ते फार आवडायचं.

पुऱ्याचं पाणी नाल्यात जावं म्हणून माझ्या पायाशी एक पाइप आहे. त्याला नाल्याच्या बाजूने लोखंडी झडप. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, नाल्याचं पाणी आत येत नाही. फक्त झडपेसमोरचा गाळ दरवर्षी काढायचा. पहिल्या वर्षी काढला. नंतर कोणी आलं नाही.

माझं सगळं लक्ष नाल्याकडे. पाठीमागे चढावर काय चाललंय, हे मला कधी पाहावंसं वाटलं नाही.

चढावर नत्थुजींचं वावर होतं. त्यात तीन धुरे, म्हणजे मातीचे बांध, धुऱ्यांवर गवत, पळसाची झाडं, मधे एक खोलगट जागा. तिथे पडलेला पाऊस खाली पुऱ्यात पोचायला अर्धा दिवस लागायचा. बराचसा तर पोचायचाच नाही. नत्थुजींनी जेसीबी लावून धुरे मोडले, खोलगट बुजवली, सोयाबीनसाठी वावर एकसारखं केलं. पुढे वरचा तुकडा घरांचे प्लॉट पाडायला ले-आऊटला गेला. तिथून सिमेंटचा गुळगुळीत रस्ता सरळ पुऱ्याच्या तोंडाशी उतरला.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, दुपारची नमाज आटोपून लोक घरी आले तेव्हा पाऊस कोसळायला लागला. मी नाल्याकडे डोळे लावून उभी. नाला अर्धाही भरला नव्हता. आणि माझ्या पाठीला पाणी लागलं.

आधी मला कळेचना. तासाभरात ते पाणी कमरेपर्यंत आलं. गढूळ, काळं, वेगाचं. पाइपातून जाईना, कारण झडप बाहेरून गाळात रुतली होती. लोक शेजारच्या स्लॅबवर चढले. वाहेद पहार घेऊन खाली उतरला.

“अजी, रहने दो! ऊपर आव!” हलीमाबी ओरडली.

“एक बार झडप खुल गई तो सब उतर जाता,” तो म्हणाला.

त्याने पाण्यात वाकून पाइपात पहार घातली, ठोकली, श्वास घ्यायला वर आला, पुन्हा वाकला. झडप हलली नाही. मग तो मलाच ठोकू लागला. मला चांगलं ओतलं होतं. माझा टवकाही उडाला नाही. पाणी त्याच्या छातीला लागलं, गळ्याला लागलं. त्याचा पाय सरकला. माझ्या एका बाजूला माणूस बुडत होता आणि दुसऱ्या बाजूला नाला अर्धा रिकामा वाहत होता.

चौकशी झाली. कागदावर लिहिलं, नाल्याचं पाणी भिंत ओलांडून आलं नाही, भिंत मजबूत आहे. खोटं एक अक्षर नव्हतं.

तेव्हापासून मला ते ठोके ऐकू येतात. कोरड्या उन्हातही. हलीमाबी आता माझ्यावर रजया टाकत नाही. पण एखाद्या दुपारी येते आणि मला कान लावून उभी राहते. तिलाही ऐकू येतं का, हे मी कसं विचारणार?

वाहेद गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर नत्थुजी आले. दारात बसले, पण पाण्याचा ग्लास हातातच राहिला.

“भाबी, त्या दिवशी आलेलं पानी माह्या वावरातलं व्हतं,” ते म्हणाले. “धुरे मीच मोडले.”

हलीमाबीने हातातली सुई रजईत खोचली. मग म्हणाली, “मले सांगून काय होते, भाऊ? पान्याले सांगा.”

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी धुरे पुन्हा घातले, खोलगट उकरली, गवत लावलं. गेल्या पावसात त्यांच्या वावरातलं पाणी थांबत थांबत आलं. पण ले-आऊटचा रस्ता आहे तसाच आहे.

यंदा मार्चमध्ये प्रणाली नावाची तरुण इंजिनीअर आली. तिच्या हातात मला दीड मीटर वाढवण्याचा नकाशा होता. हलीमाबी तिच्यापुढे उभी राहिली. “उंच नोका करू, बाई. हिले फोडा. इथून वाट द्या.” प्रणालीने नत्थुजींना बोलावलं, चढ चालून पाहिला, झडप पाहिली. मग लाल रंगाने माझ्यावर दाराएवढा चौकोन आखला. इथे वर उचलायचं गेट बसेल, म्हणाली. वरून मंजुरीही आली: काम पावसाळ्यानंतर.

आज मृग नक्षत्र लागलं. हलीमाबी सकाळपासून कापसाचे गठ्ठे वरच्या फळीवर ठेवते आहे. नत्थुजी ले-आऊटच्या रस्त्यावर उभे राहून आभाळ पाहत आहेत.

मंजुरी देणाऱ्यांनो, मला उभं करायला तुम्ही खूप कष्ट घेतलेत. आता थोडं मोडायचं आहे, तर पाऊस संपायची वाट पाहू नका. मला दुखणार नाही.