स्वसंरक्षणार्थ

"दिसत न्हाय ना?" आरशासमोर उभं राहून केसरीनाथने विचारलं.

"न्हाय," कमळ म्हणाली.

दिसत होतं. उजव्या कमरेवर शर्ट टेकडीसारखा वर आला होता आणि तो तसा यावा म्हणूनच केसरीनाथ हल्ली शर्ट अंगासरसा शिवून घ्यायचा. रिव्हॉल्वर शर्टाखाली ठेवायचं लपवण्यासाठी आणि शर्ट तंग शिवायचा ते दाखवण्यासाठी, हे गणित कमळने कधीच ओळखलं होतं. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एवढं एकच गणित तिला पहिल्या झटक्यात सुटलं होतं.

राहनाळला केसरीनाथची दोन गोदामं भाड्याने दिलेली होती. शस्त्र परवान्याच्या अर्जात त्याने 'जीवितास धोका' असं लिहिलं होतं. कोणाकडून, ते त्याला सांगता आलं नव्हतं. शेजारच्या प्रितेशला परवाना मिळाला, हाच खरा धोका होता. मग ओळखी निघाल्या, शिफारशी झाल्या आणि बत्तीस बोरचं रिव्हॉल्वर घरात आलं. पहिल्या दिवशी त्याने ते देवापुढे ठेवलं. कमळने तिथे हळदकुंकू वाहिलं नाही.

त्या रविवारी गणेशपुरीजवळ नात्यातलं लग्न होतं. मांडवात केसरीनाथ तीनदा जेवायच्या पंगतीतून उठला. दर वेळी दोन्ही हात वर करून त्याने आळस दिला आणि शर्ट आपोआप वर गेला. पाहुण्यांनी बघितलं. वाढप्यांनी बघितलं. बाहेर गाड्या लावून देणाऱ्यांनीही बघितलं. "शेठ, भरलेला हाय का?" एकाने विचारलं. "मोकला ठेवून काय फायदा?" केसरीनाथ हसला.

परतताना वाटेत रसवंतीजवळ त्याने गाडी थांबवली आणि दोघं खाली उतरली. दुपारचे चार वाजले होते, रसवाला मागे ऊस सोलत होता. मोटरसायकलवरून दोघे तरुण आले. एक जण केसरीनाथजवळ गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शेठ, हलू नका."

केसरीनाथ हलला नाहीच, उलट त्याने न सांगता दोन्ही हात वर केले. शर्ट पुन्हा वर गेला. तरुणाने खिशातून पेन काढावं तसं रिव्हॉल्वर काढून घेतलं. त्याच्या स्वतःच्या हातात काही नव्हतं, साधी काठीसुद्धा नाही. दुसरा कमळला म्हणाला, "काकी, तुमी घाबरू नका. तुमचं काय नको आमाला." तिच्या गळ्यातल्या सोन्याकडे त्याने पाहिलंही नाही. मोटरसायकल निघून गेली तरी केसरीनाथचे हात वरच होते.

"खाली करा," कमळ म्हणाली.

गाडीत बसल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, "कोनाला बोलू नको."

"पोलिसांना तं सांगायला लागंल."

"परवाना रद्द करतील. आनी प्रितेशला कललं तं? लोक हसतील."

"भरलेला हाय तो. कोनावर चालवला तं?"

"कोन चालवतं? विकून टाकतील," तो म्हणाला, जणू विकत घेणारा त्याची पूजाच करणार होता.

सोमवारी तो पोलीस ठाण्याकडे फिरकला नाही. मंगळवारीही. कमळने दोन्ही दिवस विषय काढला आणि दोन्ही दिवस तो ओरडला. बुधवारी सकाळी तिने पदर खोचला, चपला घातल्या आणि म्हणाली, "तुमी न्हाय गेलात तं मी जाते."

तेव्हा तो उठला. गाडीत त्याने गोष्ट तयार केली आणि तिला दोनदा ऐकवली. पोलीस ठाण्यात सुकन्या नावाच्या तरुण फौजदार बाईंसमोर त्याने ती छाती पुढे काढून सांगितली.

"काल संध्याकाळी मॅडम. चौघं होते, तलवारी होत्या. हिंदी बोलत होते, कामतघरच्या चाळीतले असतील, लूमवरचे कामगार. मी दोघांना लोळवला, पन मागून धरला मना."

सुकन्याने लिहिलं नाही. तिने कमळकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही सोबत होता?"

"होती."

"असंच झालं?"

केसरीनाथ खाकरला. कमळने आयुष्यभर त्या खाकरण्याचा अर्थ पाळला होता.

"न्हाय," ती म्हणाली. "काल न्हाय, रविवारी. दोघं होते, हत्यार कायपन नव्हता. आपल्यासारखीच मराठी बोलत होते. यांनी हात वर केले, त्यांनी काढून नेला. चाळीतल्या गरिबांना उगाच उचलू नका, बाई."

सुकन्याचा चेहरा उतरला होता. "रविवारी?" तिने पुन्हा विचारलं. "सोमवारी दुपारी एका गोदामाच्या वॉचमनला गोळी लागली. सुभाष नाव त्याचं. पोटातून बत्तीस बोरची गोळी काढलीय. दोघंच होते, मोटरसायकलवर. रविवारीच कळवलं असतंत, तर निदान नाकाबंदी तरी लावली असती."

केसरीनाथने तोंडावरून रुमाल फिरवला. मग त्याने विचारलं, "म्हंजे माझा रिव्हॉल्वर सापडला का?"

सुकन्याने जबाबाचा कागद पुढे ओढला. कमळने त्याच्याकडे पाहिलं. कीव यायला हवी होती, पण तिला फक्त किळस आली आणि त्या किळसेत थोडी ती स्वतःही होती.

जबाब लिहून झाला, वाचून दाखवला गेला. सुकन्याने पेन पुढे केलं.

"थांबा," कमळ म्हणाली. "एक ऱ्हायलं. तीन दिस मी पन गप होती. तेबी लिवा."

"त्याची गरज नाही, मावशी."

"लिवा."

ते लिहिलं गेल्यावर तिने सही केली, पूर्ण नावाची. केसरीनाथ प्रितेशला फोन लावत बाहेर गेला, वकील कोण चांगला ते विचारायला. कमळ त्याच्या गाडीत बसली नाही. रिक्षा करून ती सुभाषला ठेवलं होतं त्या दवाखान्यात गेली.

अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर एक बारीकशी बाई बसली होती. शेजारी कपड्यांचं गाठोडं होतं.

"सुभाषची तू कोन?" कमळने विचारलं.

"बायको. मंगळी. पाड्यावरून आलं." तिने वर पाहिलं. "तू कोन?"

रिक्षात कमळने बरीच वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"ज्याची बंदूक होती, त्याची बायको."

मंगळीने तिच्याकडे बघितलं. मग तिने मान वळवली आणि पुन्हा बंद दाराकडे बघत राहिली.

बाकावर जागा होती. कमळ बसली नाही. दार उघडून डॉक्टर बाहेर येईपर्यंत, पायांना मुंग्या आल्या तरी, ती भिंतीला न टेकता उभी राहिली.